उघड्यावरची माणसं

‘बेघर’ हा शब्द आमच्या लहानपणी कानावर पडल्याचं मला आठवत नाही. घर नसलेली माणसं गावात होतीच, पण त्यांना नावं वेगवेगळी होती. फिरस्ता, मागून खाणारा, पालावरचे, नवऱ्यानं टाकलेली, डोक्यानं फिरलेला... गावानं प्रत्येकाला एक शब्द आणि एक कोपरा देऊन टाकलेला असे. कोपरा म्हणजे मारुतीच्या देवळाचा ओटा, चावडीची पडवी, नाहीतर एस.टी. स्टँडवरचं बाकडं. निजामाच्या राज्यातला ‘मुसाफिरखाना’ हा शब्द आमचे आजोबा शेवटपर्यंत वापरत. या सगळ्यांना एकाच रकान्यात बसवणारा ‘बेघर’ फार नंतर आला, आणि आला तोही सरकारी कागदातून.

हे आठवायला निमित्त झालं पुण्याच्या भाचीचं. तिनं विचारलं, “मामा, आपल्या नांदेड-लातूरकडे रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी काही करायचं तर नेमकं काय करायचं? पैसे पाठवू, की कपडे?” फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण मास्तरला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही हे घरच्यांना ठाऊक आहेच! शिवाय या प्रश्नाचं उत्तर मराठवाड्यानं एकदा फार मोठी किंमत देऊन शोधलेलं आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

जुन्या काळी आपल्याकडे आसरा देण्याच्या रीती होत्या आणि त्या बऱ्यापैकी चालतही होत्या. परगावचा गरीब विद्यार्थी वार लावून जेवे. सोमवारी कुलकर्ण्यांकडे, मंगळवारी देशमुखांकडे, असा. गोसावी-बैराग्यांना कोरान्न मिळे. सुगीत खळ्यावर येणाऱ्याला पायलीभर ज्वारी कोणी नाकारत नसे. पण या रीतींचं फार कौतुक करायला मन धजत नाही. वार मिळे तो जात पाहून. देवळाचा ओटा सगळ्यांना मोकळा नव्हता. गाडगेबाबांनी पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या त्यात एक चोखामेळ्याच्या नावाची वेगळी बांधावी लागली, कारण अस्पृश्य वारकऱ्याला वाळवंटाखेरीज जागा नव्हती. (ही धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.) आणि दुसरी गोष्ट म्हणजे या सगळ्या सोयी वाटसरूसाठी होत्या. आज आला, उद्या गेला. जो जातच नाही, ज्याला जायला ठिकाणच नाही, त्याचा विचार त्यात नव्हता.

याला आमच्या भागात एक मोठा अपवाद, तो म्हणजे नांदेडचा लंगर. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले आणि इथेच त्यांचं महानिर्वाण झालं, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण ‘लंगर साहिब’ या गुरुद्वाऱ्याची गोष्ट नांदेडकरांखेरीज फारशी कोणाला ठाऊक नाही. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातून बाबा निधानसिंग नावाचे सेवेकरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आले. गुरुद्वाऱ्यात पाणी भरणं, झाडलोट करणं अशी कामं ते करीत. परत जावं असं मनात येऊन ते रेल्वे स्टेशनवर येऊन बसले, आणि तिथेच त्यांना लंगर चालवण्याची आज्ञा झाली अशी श्रद्धा आहे. १९४७ मध्ये ते गेले, लंगर मात्र चालूच राहिला. आजही तिथे पंगतीत बसताना कोणी गाव विचारत नाही, जात विचारत नाही, आणि काल आला होतास ना, असंही विचारत नाही. हा शेवटचा प्रश्न न विचारणं मला सगळ्यात अवघड वाटतं. आपण वाढणारे लोक तिसऱ्या दिवशी तो विचारतोच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पंजाबातून आलेले जवळपास चार हजार यात्रेकरू नांदेडात अडकले. महिनाभराहून जास्त दिवस त्यांची राहण्या-जेवण्याची सोय गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासांत आणि लंगरमध्ये झाली. चार हजार माणसांचं अन्न, अंथरूण, पाणी एका दिवसात उभं राहत नाही. वर्षानुवर्षं रोज चूल पेटती ठेवल्यामुळे ते जमलं.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल मी पूर्वी लिहिलंय, म्हणून इथे थोडक्यात. तेव्हा मी नुकता पदवीधर झालो होतो. घर असूनही माणसं उघड्यावर आली ती त्या साली. खडी फोडायच्या कामावर, पाझर तलावाच्या बांधावर अख्खी कुटुंबं मुक्कामाला. सुकडी, लाल मिलो ज्वारी, टँकर... मुंबई-पुण्याकडे गेलेले कित्येक परतलेच नाहीत. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ मध्ये. मागेल त्याला काम हे तत्त्व महाराष्ट्रानं देशाला दिलं याचा मला अभिमान आहे. मात्र काम मागायला येऊ शकणारा माणूस आणि फलाटावर आजारी पडलेला माणूस यांत फरक आहे.

आता किल्लारी.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. मी तेव्हा लातूरला नोकरीला होतो. मिरवणुका आटोपून मंडळी नुकती झोपली होती, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर शहराचं फारसं नुकसान झालं नाही. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं किल्लारी, शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावं मात्र काही सेकंदांत दगडमातीचा ढीग झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात. घरं कशी होती ते पाहिलेल्यालाच कळेल. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडाच्या भिंती, आत नुसती माती, आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा द्यायची ती घरं. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पडायची, ओझं वाढत जायचं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते आणि लोक काही दिवस बाहेर झोपलेही होते. मग धक्के थांबले, थंडी आली, माणसं घरात गेली.

तिसऱ्या दिवशी आम्ही शाळेतले सातआठ जण टेम्पोत भाकरी, चटणी आणि पाण्याचे ड्रम घेऊन निघालो. पाऊस सुरू होता. औशाच्या पुढे रस्ता गच्च भरलेला. मदतीच्या गाड्या होत्या, लष्कराच्या होत्या, आणि नुसतं बघायला आलेल्यांच्याही होत्या! बघ्यांमुळे अँब्युलन्स अडकत होत्या हे मी डोळ्यांनी पाहिलं. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग भिजत पडले होते. पँटी, फ्रॉक, झिरझिरीत साड्या, एक कोटसुद्धा. देणाऱ्यांनी कपाटं रिकामी केली होती. नऊवारी नेसणारी, घरातली पाच माणसं गेलेली बाई त्यातलं काय उचलणार? अन्नाचंही तसंच. पहिल्या आठवड्यात पुरीभाजीची पाकिटं इतकी आली की विटून गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात स्टोव्हला रॉकेल नव्हतं.

आमच्याबरोबर एक वयस्क बाई होत्या, शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांनी भाकरी वाटायच्या आधी चिखलात बसकण मारली आणि तिथल्या बायकांना विचारलं, “काय पाहिजे गं माय तुम्हाला?” बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक जण हळूच म्हणाली, “न्हाणीला आडोसा.” तीन दिवस अंघोळ नाही, अंधार पडेपर्यंत बाहेर जाता येत नाही. आमच्यातल्या एकाही पुरुषाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, ना त्या शेकडो गाड्यांतल्या कोणाच्या. दुसऱ्या खेपेला आम्ही आडत बाजारातून पोती, बांबू आणि सुतळी नेली. एका म्हाताऱ्यानं बैलाला कडबा मागितला, तोही नेला. या फेरीचा खर्च पहिल्यापेक्षा कमी आला.

मला तरी किल्लारीचा पुढचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नाचाच वाटतो. कोणी विचारलं, आणि कोणी न विचारताच दिलं.

सरकारनं कामं प्रचंड केली यात वाद नाही. जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला. ५२ गावं नव्या जागी वसवायची, २२ गावं आहे तिथे बांधायची, आणि तेरा जिल्ह्यांतल्या जवळपास अडीच हजार गावांतली दोन लाखांच्या आसपास घरं दुरुस्त आणि मजबूत करायची. नव्या गावांतली कितीतरी देशभरातल्या संस्थांनी, कंपन्यांनी, वृत्तपत्रांनी दत्तक घेतली. लोक तोवर पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसून दाखवावं कोणी! दोन-तीन वर्षं, काहींनी त्याहून जास्त काळ तिथे काढला.

घरांची मापं जमिनीवरून ठरली. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. गावं कशी आखली? शहरातल्या कॉलनीसारखी. सरळ रस्ते, एकसारखे चौकोन. जुनं गाव दाट होतं, भावकी एका बोळात राहायची, ओट्यावरून ओट्यावर बोलणं व्हायचं. नवं गाव इतकं पसरलं की पाण्याला आणि शेतावर जायला दुप्पट चालणं आलं. जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, याचा नकाशात पत्ता नाही. काही गावांत शेजार पूर्ण बदलला. घर मिळूनही काही म्हाताऱ्या माणसांचा जीव लागला नाही, तो यामुळे. सगळीकडे असंच झालं असं मात्र नाही. औसा तालुक्यातलं बाणेगाव केरळच्या ‘मलयाळ मनोरमा’ या वृत्तपत्रानं वाचकांच्या देणग्यांतून बांधलं, आणि त्याची रचना लॉरी बेकर या वास्तुरचनाकारानं केली. घरं ओळीत न मांडता अंगणाभोवती मांडली. शेकडो मैलांवरच्या, मराठीचं अक्षर न कळणाऱ्या वाचकांनी दिलेला पैसा, आणि घर मात्र आमच्या माणसाला ओळखीचं वाटेल असं!

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम त्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात झालं, ज्याचे फोटो फारसे छापून आले नाहीत. यात पैसा हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या हातात जायचा, घर त्यानंच नीट करून घ्यायचं. पण गावात भूकंपाला टिकणारी भिंत कोणी बांधली होती? आणि हप्ता का अडला हे इंजिनिअरला विचारायचं कोणी? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका निवडल्या. त्यांना नाव मिळालं ‘संवाद सहायक’. चौथी-सातवी शिकलेल्या, कित्येक तर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या. त्या गवंड्याला सांगू लागल्या की भिंतीच्या दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा लांब दगड मध्ये घाल, माळवदाची माती कमी कर, कोपरे बांध. गुत्तेदाराला उलट प्रश्न विचारणारी बाई तोवर आमच्या भागात मी पाहिली नव्हती. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांजवळ बसल्या. भाषा वेगळी, पण कपड्यांचे ढीग तेच असणार.

पोरक्या झालेल्या मुलांचंही असंच. भारतीय जैन संघटनेनं शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी, पन्नालाल सुराणांनी, ‘आपलं घर’ उभं केलं. भूकंपातली मुलं मोठी होऊन बाहेर पडल्यावरही ते बंद झालं नाही, दुसऱ्या निराधार मुलांसाठी चालू राहिलं. मदत करणारे पुष्कळ होते, राहिले थोडे. जे राहिले त्यांची नावं आज गावाला तोंडपाठ आहेत.

पुढे आमच्या संस्थेनं माझी नांदेडला बदली केली. २००१ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. जनगणनेत एक रात्र फक्त बेघरांसाठी असते हे पुष्कळांना माहीत नसतं. २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणकांनी फलाट, फूटपाथ, पुलाखालची जागा, देवळांचे मंडप, सिमेंटच्या मोठ्या नळ्या अशा ठिकाणी जाऊन झोपलेल्या माणसांना मोजायचं. माझ्याकडे स्टेशनचा भाग होता. फॉर्ममध्ये प्रश्न होता, याआधी कुठे राहत होता आणि ते ठिकाण का सोडलं? कारणांसाठी ठरावीक आकडे. काम, धंदा, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत आलो, इतर. एका बाईला मी विचारलं. मुखेडकडची. म्हणाली, “भावानं दार लावून घेतलं.” मी ‘इतर’ लिहिलं. त्या रात्री मला ‘इतर’ फार वेळा लिहावं लागलं.

तीच बाई पुढे जे बोलली ते माझ्या वहीत अजून आहे. जेवणाची तिला चिंता नव्हती, लंगर होता. चिंता गाठोड्याची होती. अंघोळीला गेलं की गाठोडं चोरीला जातं, आणि गाठोड्यात रेशन कार्ड. कार्ड गेलं की दवाखान्यात, कचेरीत कोणी उभं करत नाही. आणि रात्री कोणी ना कोणी येऊन उठवतं. म्हणजे तिला हवं होतं एक कुलूप, एक मोरी आणि सहा तास झोप.

दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास आणि महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांवर बेघर मोजले गेले. २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे आपण अजून हाच आकडा धरून बोलतो. रात्री ज्यांना हुसकून लावलं जातं ती माणसं मोजणीत सापडतात किती, हा प्रश्न वेगळाच.

कायद्यानं निवारा मिळाला तोही थंडीत माणसं मेल्यावर. २००९ च्या डिसेंबरात दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा महापालिकेनं पाडला, त्यावरून प्रकरण न्यायालयात गेलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शहरांत लाख लोकवस्तीमागे एक, चोवीस तास उघडा निवारा असा दंडक घालून दिला. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तोच आला. २०११ ची लोकसंख्या धरली तर नांदेड साडेपाच लाखांचं, लातूर पावणेचार लाखांच्या पुढचं. किती निवारे हवेत याचं गणित चौथीतला मुलगा करेल. आपापल्या शहरात ते कुठे आहेत, हे मात्र स्टेशनवरच्या हमालाला आणि रिक्षावाल्याला विचारून बघा. ज्याला सांगता येत नाही तो रात्री अकराला सापडलेल्या म्हाताऱ्याला नेणार कुठे?

आणि पैशाचं म्हणाल तर या योजनेत पन्नास माणसांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला सहा लाख रुपये धरले होते. फळ्यावर मांडतो. माणशी वर्षाला बारा हजार, महिन्याला हजार, दिवसाला तेहतीस रुपये. त्यात व्यवस्थापक, पाळीपाळीचे रखवालदार, वीज, साफसफाई सगळं. तेहतीस रुपयांत हे चालवणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी आपण त्यांच्याकडे एकदा जाऊन यावं हे बरं.

तर भाचीबाई, पैसे पाठव. पण आधी निवारा चालवणाऱ्यांना फोन करून या महिन्यात काय संपलंय ते विचार. बहुधा साबण, फिनेल, गाद्यांच्या खोळी, बायकांचे पॅड किंवा कुलपं असं काहीतरी सांगतील. वाढदिवसाचं जेवण देणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेकांचे वाढदिवस सणासुदीला येतात असं दिसतं! आषाढातल्या मंगळवारी कोणी येत नाही. तू आषाढातला मंगळवार घे. तुझ्या ओळखीचा डॉक्टर असेल तर त्याला महिन्यातून एक सकाळ माग, वर्षभरासाठी माग.

आम्ही पाचसहा निवृत्त मास्तर मंडळी सध्या कागदांच्या मागे आहोत. निवाऱ्यात येणाऱ्या माणसाजवळ बहुधा एकही कागद नसतो. आधार नाही म्हणून रेशन नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून श्रावणबाळ योजनेचा अर्जसुद्धा करता येत नाही. अशा माणसाला आम्ही एकच विचारतो, “शाळेत गेला होतास का? कोणत्या गावच्या?” पहिलीत नाव घातलं असेल, पुढे चार महिन्यांत शाळा सुटली असेल, तरी जनरल रजिस्टरमध्ये त्याची ओळ असते. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. रजिस्टर शाळेच्या लोखंडी कपाटात असतं, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकाकडे असते, आणि मुख्याध्यापक आमच्यापैकी कोणाचा तरी विद्यार्थी असतोच. गेल्या महिन्यात कंधार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्हाला १९६८ चं पान सापडलं. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, पण ओळ शाबूत होती. शेरा होता, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. मुख्याध्यापकांनी त्यावरून निर्गम उतारा लिहून दिला, शिक्का मारला, आणि त्या माणसाकडून सही घेतली. सही करायला त्याला बराच वेळ लागला.